न तोडता वाहिलेली फुलं

आपल्या आज्या-पणज्यांना 'सहल' हा शब्दच माहीत नव्हता. त्यांना माहीत होतं ते 'देवाला जाणं'. "जरा फिरून येते" असं म्हणायची सोय नव्हती, पण "देवाला जाऊन येते" म्हटलं की घरातला कितीही कडक सासरा असो, तो नाही म्हणत नसे. मग श्रावणातल्या शनिवारी जरंडेश्वर, नवरात्रात किन्हईच्या साखरगडावरची अंबाबाई, चैत्रात शिखर शिंगणापूर, पौषात मांढरदेवची काळूबाई... आपल्या कोरेगाव भागातल्या बायकांचं वर्षाचं फिरणं असं देवांनी ठरवून दिलेलं होतं.

आणि गंमत बघा, हे सगळे देव डोंगरावर! एकही देव आपल्या सोयीनं एस.टी. स्टँडजवळ येऊन बसलेला नाही. म्हणजे दर्शन हवं असेल तर चढायचं, दमायचं, वाटेत झाडाखाली टेकायचं, कळशीतलं पाणी प्यायचं आणि वर पोचलं की पदर खोचून वारा अंगावर घ्यायचा. वर्षभर चुलीसमोर बसणाऱ्या बाईला खालचं गाव, शेतं, नदी एका नजरेत दिसायची. देवाचं दर्शन एका क्षणाचं, पण या सगळ्याचं दर्शन दिवसभराचं. मला तर वाटतं, आपल्या पूर्वजांनी देव डोंगरावर नेऊन ठेवले ते बायकांवर उपकारच केले.

जरंडेश्वराचीच गोष्ट घ्या. साताऱ्याहून कोरेगावला येताना हा डोंगर आपली सोबत सोडत नाही. लक्ष्मणासाठी संजीवनी घेऊन निघालेल्या मारुतीच्या हातातल्या द्रोणागिरीचा एक तुकडा इथं पडला, अशी त्याची कथा. म्हणून या डोंगरावर औषधी झाडपाला आहे, असं जुनी माणसं सांगतात. कथा खरी की खोटी हे विचारू नये. तिचा अर्थ मात्र साधा आहे. मारुती फक्त देवळात नाही, डोंगरावरच्या पाल्यातही आहे, असं ती कथा सांगते.

आता दिवस बदलले. दारात गाडी आली, मुलांना सुट्ट्या आल्या, हातात मोबाईल आले. आपण देवालाही जातो आणि सहलीलाही जातो. पण एक विचारू का मैत्रिणींनो? सहलीला गेल्यावर तुम्ही नक्की काय बघता? पहाटे चारला उठून चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, दहीभात. मग पोरांच्या टोप्या, आत्यांच्या गोळ्या, यांचं स्वेटर. तिथं पोचल्यावर सतरंजी कुठं टाकायची, डबे कुणी काढायचे, उष्टं कुणी आवरायचं... स्वयंपाकघर डोक्यावर घेऊनच आपण डोंगर चढतो. परत आल्यावर फोटोत कळतं की मागं एवढा मोठा धबधबा होता!

गेल्या वर्षी आमच्या घरानं कास पठाराची सहल काढली, तेव्हा माझ्या धाकट्या जावेनं आधीच बजावलं होतं, "ताई, भाजी-भाकरी बांधायची, प्रत्येकानं आपलं फडकं आपण उचलायचं. मला तिथं जाऊन वाढायचं नाहीये." तिनं असं काही बोलावं, हेच आम्हाला नवीन होतं. त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

२०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा धाकटा दीर गेला. त्या दोन महिन्यांत सातारा जिल्ह्यात फार घरांवर असा घाला पडला, त्यामुळं वेगळं काय सांगायचं? त्याची पिठाची गिरणी होती. दोन पोरं शाळेत. तेराव्यानंतर महिन्याभरातच जावेनं गिरणीचं कुलूप काढलं. पट्टा कसा चढवायचा, जातं कसं टाकून घ्यायचं, सगळं शिकली. आज तिची गिरणी चांगली चालते. पण त्याच दिवसांत तिनं आणखी एक गोष्ट केली. देवापुढं दिवा लावणं बंद केलं. रडून नाही, ओरडून नाही, गुपचूप. "मी नवस बोलले होते ताई. त्यानं ऐकलं नाही. आता माझं-त्याचं काही देणंघेणं नाही," एवढंच एकदा म्हणाली.

आणि आमच्या सासूबाई? त्यांचा तर पोटचा मुलगा गेला होता. त्या मात्र देवाला जास्तच घट्ट धरून बसल्या. पहाटे उठून पूजा, दुपारी पोथी, संध्याकाळी हरिपाठ. एकाच घरात, एकाच दुःखानं, एकीनं देव सोडला आणि एकीनं देव धरला. दिव्याच्या वेळेला घरात जी शांतता व्हायची, ती भांडणापेक्षा वाईट. आत्या मोठ्यानं म्हणायच्या, "ज्यांच्या घरात दिवा न्हाई त्यांच्या घरात लक्ष्मी न्हाई." जाऊ ऐकायची आणि गिरणीकडं चालू पडायची. मी मधली. कुणाला काय सांगणार? दोघींचंही खरं होतं.

कासला जायचं ठरलं तेव्हाही आत्यांनी मोडता घातलाच. गौरी-गणपती उरकून पितृपंधरवडा लागला होता. "पितरांच्या दिवसांत कसली सहल?" पण कासच्या फुलांना आपलं पंचांग कुठं माहीत? पाऊस ओसरत आला की सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथं खरा बहर असतो, आणि तो बहुतेक वेळा पितृपंधरवड्याच्या आसपासच येतो. शेवटी नातवंडांनी हट्ट केला म्हणून आत्या गाडीत बसल्या.

कोरेगावहून संगम माहुलीवरून सातारा, तिथून यवतेश्वरचा घाट चढून कास. सगळं मिळून पन्नासएक किलोमीटरच्या आतबाहेर. आपल्या इतक्या जवळ हे पठार आहे आणि ते किती मोठ्या मानाचं आहे, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातली चार, आणि त्या चारांत आपलं कास. बाकीची तीन म्हणजे कोयना, चांदोली आणि राधानगरी. साडेआठशेच्या आसपास जातींच्या फुलझाडांची नोंद या एका पठारावर झालेली आहे. त्यातली काही तर सह्याद्री सोडून जगात दुसरीकडं कुठंही उगवत नाहीत.

आणि हे सगळं कशावर? तर जांभ्या दगडाच्या कातळावर! उन्हाळ्यात गेलात तर तिथं नुसता काळपट, तापलेला खडक दिसेल. माती म्हणाल तर कुठं बोटभर, कुठं तीही नाही. पहिला पाऊस पडला की खळग्यात पाणी साठतं, शेवाळ धरतं आणि बघता बघता दगड फुलायला लागतो. दर दहा-पंधरा दिवसांनी पठाराचा रंग बदलतो. कधी पांढऱ्या गेंदाची चादर, कधी गुलाबी तेरडा, मग पिवळी सोनकी. हो, तोच तेरडा, जो कितीतरी घरांत आपण गौर म्हणून मुळासकट आणतो, हळदीकुंकू लावून घरभर फिरवतो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण नावं ठेवतो त्याला, पण हजारो तेरडे एकाच वेळी फुललेले पाहिले की ती म्हण लक्षातही राहत नाही. त्याचं पिकलेलं बोंड बोटानं नुसतं हलकं दाबलं तरी फट्कन फुटतं आणि बिया उडतात. पुढच्या वर्षीच्या गौरीची तयारी!

आमच्याबरोबर जवळच्याच गावातला एक मुलगा माहिती द्यायला होता. त्यानं एकेक फूल दाखवलं. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके, मुलं लगेच ओरडली, "मिकी माउस!" गावात त्याला 'कावळा' म्हणतात. पाण्याच्या डबक्यात उभा असलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा तुरा म्हणजे वायतुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. कंदीलपुष्प म्हणजे कंदिलाच्या आकाराचं फूल. त्यात शिरलेल्या माशीला आतले केस बाहेर येऊ देत नाहीत. काही वेळानं ते केस सुकतात, मग अंगाला पराग लावून माशीला सोडून देतात. मारत नाही, नुसती पाहुणी म्हणून ठेवून घेतं. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. मधली सहा वर्षं ती काय करते? तर वाट बघते.

मग त्यानं ओलसर जागेतली बारीक जांभळी-निळी फुलं दाखवली. "ही सीतेची आसवं."

सीतामाई वनवासात असताना तिचे अश्रू जिथं पडले तिथं ही फुलं उगवली, अशी लोकांची समजूत. आत्यांनी लगेच हात जोडले. जाऊ मात्र खाली बसून बघत राहिली. तो मुलगा पुढं सांगत होता. इथल्या मातीत झाडाला लागणारा कस नाही. विशेषतः नायट्रोजन फार कमी. म्हणून या झाडानं वेगळी सोय केली आहे. त्याच्या मुळांच्या जागी बारीक बारीक पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की ती त्याला क्षणात आत ओढून घेते. शेजारीच लालसर पानांची दवबिंदू नावाची वनस्पती होती. तिच्या केसांवरचे चकाकणारे थेंब दवाचे नसतात, चिकट असतात. किडा बसला की अडकलाच.

"म्हणजे मातीनं दिलं नाही म्हणून ही रडत नाही बसली," जाऊ म्हणाली. "हिनं आपली सोय आपण केली."

कुणी काही बोललं नाही. मला गिरणीचा पट्टा चढवणारे तिचे हात आठवले.

थोडं पुढं गेल्यावर आत्यांना राहवेना. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढी फुलं हायत, देवाला चार घेते की. घरच्या मारुतीला न्हेते." तो मुलगा घाईनं म्हणाला, "आजी, तोडायला बंदी आहे." आत्यांना ते लागलं. देवासाठी फूल तोडायला बंदी? हे कुठलं शास्त्र? त्यांचा चेहरा उतरला. आता काहीतरी बोलाबोली होणार, असं मला वाटलं. तेवढ्यात, तीन-साडेतीन वर्षं देवाचं नावही न घेतलेली माझी जाऊ शांतपणे म्हणाली,

"आत्या, राहू द्या. ही वाहिलेलीच आहेत."

आत्या तिच्याकडं बघत राहिल्या. मग पठाराकडं बघितलं. लांबवर ढग उतरला होता, त्याच्या खाली पिवळंजांभळं सगळं ओलं, हलणारं. त्यांनी वाकून काढलेला हात परत घेतला आणि पदरानं डोळे पुसले. जावेनं त्यांचा हात धरला. गुडघ्यांमुळं त्यांना तसाही आधार लागतोच, पण तो हात जावेनं गाडीपर्यंत सोडला नाही.

कासला गेल्यामुळं आमच्या घरात चमत्कार झाला, असं मी म्हणणार नाही. जाऊ अजूनही दिवा लावत नाही. "देव आहे की नाही ते मला आता सांगता येणार नाही ताई," ती परतताना म्हणाली. "पण हे ज्यानं कुणी केलंय ना, त्यानं मनापासून केलंय." आत्यांनी मात्र त्या दिवसापासून दिव्यावरून बोलणं सोडलं. आणि दिराच्या तिथीला दरवर्षी जी गिरणीत जाऊन बसायची, तिनं गेल्या वर्षी दोन तास गिरणी बंद ठेवली. आत्यांबरोबर गच्चीवर घास ठेवायला गेली. कावळा येईपर्यंत दोघी तिथं उभ्या होत्या. माझ्या लेखी हे पुष्कळ झालं.

यावर मी पुढं बराच विचार केला. देव सापडतो कुठं? आपल्या परंपरेनं तरी तो देवळापुरता कधी ठेवला होता? गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन भगवंतांना विचारतो, तुला कुठंकुठं पाहू? तेव्हा ते सांगतात की झाडांत मी पिंपळ, पर्वतांत हिमालय, नद्यांत गंगा, ऋतूंत फुलांचा वसंत. सावता माळी पंढरीला न जाता अरणच्या आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल बघत राहिले. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळख नव्हती, पण शेतातल्या अंकुरात आणि सुगरणीच्या खोप्यात त्यांना जे दिसलं ते भल्याभल्या पंडितांना दिसलं नाही.

आणि आपल्या बायकांचे सण? वटपौर्णिमेला वड, हरतालिकेला पत्री, गौरीला तेरडा, दसऱ्याला आपटा, कार्तिकात तुळस. आपली पूजाच मुळी झाडापानांची. गावोगावच्या देवराया तर देवाच्या धाकानंच टिकल्या. देवाच्या रानातली काडीसुद्धा तोडायची नाही, हा नियम. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचं जंगल गेलं तरी या राया उभ्या असल्याचं त्यांना दिसलं. म्हणजे 'न तोडणं' ही सुद्धा पूजाच आहे, हे आपल्या आजीला माहीत होतं. आपण मधल्या मध्ये विसरलो.

कारण कासवर काय होतं तेही मी पाहिलं. आखून दिलेली वाट सोडून फुलांत लोळून फोटो काढणारी माणसं. एका फोटोसाठी शंभर रोपं चिरडली जातात. बोटभर मातीवरची ती रोपं, मोडली की बी धरत नाहीत, आणि बी नाही तर पुढच्या वर्षी फूल नाही. गर्दी आवरायला वनखातं आणि आसपासच्या गावांच्या समित्या शुल्क घेतात, आधी नोंदणी करायला लावतात, पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा ठेवतात. पण प्रत्येकामागं एक रखवालदार कसा ठेवणार? जरंडेश्वरावर श्रावणातल्या शनिवारनंतर जाऊन बघा. पाण्याच्या बाटल्या, नारळाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं. द्रोणागिरीचा तुकडा म्हणायचा आणि त्यावर प्लॅस्टिक टाकायचं, हे मारुतीरायाला तरी कसं चालेल?

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या सहलीआधी घरात चार गोष्टी ठरवून टाका. पहिली, डबा साधा. भाकरी, चटणी, कांदा. प्रत्येकानं आपलं आपण वाढून घ्यायचं, आपण आवरायचं, पुरुषांनीसुद्धा. त्या दिवशी अन्नपूर्णेलाही सुट्टी. दुसरी, कचऱ्यासाठी एक कापडी पिशवी, जेवढं नेलं तेवढं परत आणायचं. तिसरी, अर्धा तास सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत. त्या अर्ध्या तासात प्रत्येकानं एक फूल, एक किडा, एक दगड नीट बघायचा आणि घरी येताना गाडीत त्याबद्दल सांगायचं. आमच्या पोरांनी सांगितलेलं मला अजून आठवतंय, फोटो मात्र एकही आठवत नाही. आणि चौथी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला न्यायचंच. घडीचं स्टूल घ्या, जेवढं चालवेल तेवढंच चाला. त्यांनी आयुष्यभर देवाला जाताना जे पाहिलं, ते पुन्हा पाहायचा त्यांचा हक्क आहे.

कासला जाणं जमलं नाही तरी हरकत नाही. कोरेगाव तालुक्यात कुठंही राहत असाल, एखादा डोंगर दारातून दिसतोच. कल्याणगडावर नांदगिरीच्या पोटात पाण्यानं भरलेली गुहा आहे, तिच्यात पार्श्वनाथांची आणि दत्ताची मूर्ती आहे. काळोखात, गार पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यायचं. पावसाळ्यात जाऊ नका, जाणत्या माणसाला बरोबर घ्या, पण एकदा जाऊन या.

आणि तेही नाही जमलं, तर सुपात घेवडा निवडायला घ्या. आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मूठभर दाणे तळहातावर घ्या आणि त्यावरचे पट्टे बघा. एका दाण्याचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. वर्षानुवर्षं आपण त्यातले खडे काढत आलो. एक दिवस खडे काढायच्या आधी दाणे बघू या.